नाणं, पत्रिका आणि आपलं मत : मानसशास्त्रासाठी संख्याशास्त्राची पहिली पायरी

(गोराई, बोरिवली पश्चिम येथे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

सभागृह भरलंय, आणि विषय संख्याशास्त्र आहे, म्हणजे काही जणांना बळजबरीने आणलेलं दिसतंय. (हशा)

मी बरीच वर्षं मानसशास्त्र शिकवलं. दरवर्षी पहिल्या तासाला एखादी मुलगी हमखास म्हणायची, "मॅडम, मी गणित सुटावं म्हणून आर्ट्सला आले, मानसशास्त्र घेतलं, आणि इथेही स्टॅटिस्टिक्स?" तिची तक्रार खरी असते. तिला माणसं समजून घ्यायची असतात आणि आपण तिच्या हातात स्टँडर्ड डेव्हिएशनचं सूत्र देतो. ते कशासाठी, हे मात्र सांगत नाही. आज मी फक्त तेवढंच सांगणार आहे. सूत्रं पुस्तकात आहेतच.

सुरुवात एका खेळाने करू. प्रत्येकाने खिशातलं एक नाणं काढा. दहा वेळा उडवा आणि छापा किती वेळा पडला ते मोजा. घाई नको.

(पाच मिनिटांनी) झालं? आता ज्यांना आठ किंवा त्याहून जास्त छापे पडले त्यांनी हात वर करा. एक, दोन, तीन... चार. तिसऱ्या रांगेतल्या ताई, तुम्हाला किती? नऊ! दहापैकी नऊ. ताई, तुमच्या हातात काही शक्ती आहे का? नाही म्हणताय. पण तुम्ही एकट्याच इथे आला असतात आणि नऊ छापे पाडून दाखवले असतेत, तर मी जरा विचारात पडले असते. आत्ता मला आश्चर्य वाटत नाही. का?

कारण हिशेब करता येतो. दहा वेळा नाणं उडवलं तर छापा-काट्याचे १०२४ वेगवेगळे क्रम होऊ शकतात. त्यातल्या ५६ क्रमांमध्ये आठ किंवा जास्त छापे असतात. म्हणजे शंभरात साधारण साडेपाच. इथे साठेक माणसं आहेत, तेव्हा तीन-चार हात वर येणारच होते. मी हा आकडा येण्याआधीच कागदावर लिहून ठेवला होता, हा बघा.

मानसशास्त्राला लागणाऱ्या संख्याशास्त्राचं बीज एवढंच आहे. काहीतरी विशेष दिसलं की आधी विचारायचं, "यात विशेष काहीच नसतं, तर काय दिसलं असतं?" या 'काहीच नाही' ला पुस्तकात शून्य परिकल्पना म्हणतात, तुमच्या परीक्षेत नल हायपोथेसिस. नाव भारदस्त आहे, पण प्रश्न साधा आहे.

पुण्यातली एक चाचणी

आता खरं उदाहरण घेऊ, आणि ते आपल्या महाराष्ट्रातलंच घेऊ. पाठ्यपुस्तकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांची उदाहरणं असतात, ती आपल्याला लागत नाहीत.

२००८ साली पुण्यात फलज्योतिषाची एक चाचणी झाली. त्यामागे चौघं होते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे आणि स्वतः ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे. पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, हे तुम्हाला माहीत आहे. आज मात्र आपण त्या चाचणीच्या रचनेकडे बघणार आहोत, कारण रचना हीच शिकण्यासारखी आहे.

प्रश्न असा निवडला : जन्मपत्रिका बघून मूल हुशार आहे की बौद्धिकदृष्ट्या अक्षम, हे सांगता येतं का? कार्यकर्त्यांनी शाळांमधून शिक्षकांनी हुशार ठरवलेल्या १०० मुलांची जन्मवेळ आणि जन्मस्थळ गोळा केलं. विशेष मुलांच्या शाळांमधून तशाच १०० मुलांचं. त्या वेळी 'मतिमंद' हा शब्द वापरला गेला होता, आज आपण तो टाळतो. या दोनशे मुलांच्या पत्रिका तयार केल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले, आणि कुठला क्रमांक कुणाचा ही यादी विद्यापीठात बंदोबस्तात ठेवली. ज्योतिष्याला उत्तर माहीत नाही आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यालाही माहीत नाही. हे फार महत्त्वाचं. नाहीतर बोलता बोलता चेहऱ्यावरून, आवाजावरून उत्तर फुटतं. मानसशास्त्रात आपण माणसांवर प्रयोग करतो आणि माणसं इशारे फार लवकर पकडतात.

भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिष्याला दोनशेतल्या ४० पत्रिका पाठवल्या, कुठल्याही, चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा. यालाच यादृच्छिक निवड म्हणतात. ५१ ज्योतिष्यांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. एका ज्योतिष संस्थेने तर सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या.

निकाल २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आले. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या ज्योतिष्याची चाळीसपैकी २४ उत्तरं बरोबर आली. सत्तावीस जणांची सरासरी होती ४६ टक्के. संस्थेची दोनशेपैकी १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के.

आता मी तुम्हाला विचारते. चाळीसपैकी चोवीस, म्हणजे साठ टक्के. फर्स्ट क्लास आहे की! मग यात काही आहे की नाही? तुमचं पटकन मत काय? अर्धे 'हो' म्हणताय, अर्धे 'नाही'. मत देणं सोपं आहे. आपण मोजून बघू.

मोजपट्टी कशी करायची

पत्रिका न उघडता, नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तर चाळीसपैकी सरासरी वीस बरोबर येतील. पण दर वेळी वीसच येतील का? नाही. कधी अठरा, कधी तेवीस. हे पुढेमागे होणं किती असतं, त्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन, आपलं स्टँडर्ड डेव्हिएशन. नाण्याच्या बाबतीत ते काढणं अगदी सोपं आहे : एकूण संख्येचं वर्गमूळ काढा आणि निम्मं करा. चाळीसचं वर्गमूळ साधारण ६.३, निम्मं ३.१६.

म्हणजे नाणं उडवणारा माणूस बहुतेक वेळा वीसच्या मागेपुढे तीन-साडेतीन गुणांत राहील. त्याच्या दुप्पट अंतराच्या पलीकडे, म्हणजे चौदाच्या खाली किंवा सव्वीसच्या वर, क्वचितच जाईल. चोवीस हे वीसपासून चार गुणांवर आहेत, सव्वा प्रमाण विचलनाच्या आसपास. नुसत्या नाण्याने २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता शंभरात तेरा. ही 'शंभरात तेरा' म्हणजेच पी-मूल्य. पी व्हॅल्यू, पी व्हॅल्यू म्हणून ज्याची भीती वाटते, ते हे.

पी-मूल्याचा अर्थ नीट लिहून घ्या, कारण इथे शिकवणारेही घसरतात. 'काहीच विशेष नाही' असं धरलं, तर आपल्याला दिसलंय इतकं किंवा याहून जास्त टोकाचं दिसण्याची शक्यता, तेवढंच. 'ज्योतिष खोटं असण्याची शक्यता तेरा टक्के' असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या वाक्यात आपण नाण्याबद्दल बोलतोय, दुसऱ्यात जगाबद्दल. नाण्याचा हिशेब मला येतो. जगाबद्दलचा निवाडा एका आकड्याने होत नाही.

रिवाजाने शंभरात पाचची रेघ ओढतात. चाळीस पत्रिकांसाठी ती रेघ २६ बरोबर उत्तरांवर पडते. २४ तिच्या अलीकडे आहेत.

तीन खड्डे

इथे बहुतेक विद्यार्थी थांबतात. उत्तर आलं, पेपर संपला. पण खरी गंमत पुढे आहे.

पहिला खड्डा सर्वांत मोठ्या आकड्याचा. आपण २४ गुणांच्या ज्योतिष्याकडेच का बघितलं? कारण तो पहिला आला म्हणून. पण सत्तावीस जणांत कुणीतरी पहिला येणारच, जसे या ताईंचे नऊ छापे. सत्तावीस माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तर हिशेबाने त्यातल्या तीन-चार जणांना २४ किंवा जास्त मिळाले असते. इथे मिळाले एकालाच. आणखी एक. पाच टक्क्यांची ती २६ ची रेघ एका माणसासाठी ठीक आहे. सत्तावीस जणांना ती लावली, तर निव्वळ नशिबाने निदान एकजण रेघ ओलांडण्याची शक्यता जवळजवळ तीनात दोन होते! म्हणून एखाद्या प्रबंधात वीस चाचण्या करून त्यातली एक 'सार्थक' आली म्हणून ठळक अक्षरांत छापलेली दिसली, तर उरलेल्या एकोणीस कुठे गेल्या ते विचारा.

दुसरा खड्डा उलट बाजूचा आहे आणि तो आपल्यासारख्या विवेकवाद्यांसाठी आहे. सत्तावीस गुणिले चाळीस म्हणजे १०८० उत्तरं. त्यातली ४६ टक्के, म्हणजे ४९७ च्या आसपास, बरोबर. नाण्याने ५४० आली असती. १०८० चं वर्गमूळ जवळजवळ ३३, निम्मं साडेसोळा. फरक ४३. म्हणजे अडीच प्रमाण विचलनांहून जास्त! कुणीतरी टाळ्या वाजवत म्हणेल, "बघा, ज्योतिषी नाण्यापेक्षाही वाईट आहेत, सिद्ध झालं!" थांबा. हा हिशेब तेव्हाच चालतो, जेव्हा १०८० उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र असतात. इथे पत्रिका दोनशेच आहेत. एकेक पत्रिका सरासरी पाचेक ज्योतिष्यांकडे गेली असणार. सगळ्यांचे नियम थोडेफार सारखे असतील, तर एका पत्रिकेवर पाचही जण एकदमच चुकतील. ती पाच वेगळी उत्तरं नव्हेत, एकाच उत्तराच्या पाच प्रती आहेत. मानसशास्त्रात ही चूक रोज होते. एकाच वर्गातली चाळीस मुलं म्हणजे चाळीस स्वतंत्र नमुने नसतात, त्यांचे बाई एकच असतात. आपल्या बाजूचा आकडा आला की हिशेब तपासायचा कंटाळा येतो. तेव्हाच तपासायचा.

तिसरा खड्डा 'सिद्ध झालं नाही' या वाक्याचा. समजा एखाद्या ज्योतिष्याला खरोखरच थोडी क्षमता आहे, तो दर शंभरात साठ उत्तरं बरोबर देतो. चाळीस पत्रिकांत तो २६ ची रेघ ओलांडेल का? दहात तीनच वेळा. सात वेळा आपली चाचणी त्याला नापास करील, आणि चूक चाचणीची असेल. चाळीस ही संख्या त्याच्यासाठी लहान आहे. दोनशे पत्रिका दिल्या, तर पाच टक्क्यांची रेघ ११३ च्या आसपास येते, आणि साठ टक्केवाला माणूस ती दहात आठ-नऊ वेळा पार करतो. याला चाचणीची शक्ती म्हणतात, पॉवर. म्हणून संस्थेने दोनशे पत्रिका तपासणं महत्त्वाचं होतं. तिला मिळाले १०२. नाण्याला मिळाले असते १००. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा सूट दिली, तरी खरी क्षमता ४४ ते ५८ टक्क्यांच्या आत कुठेतरी बसते. म्हणजे आपण प्रामाणिकपणे काय म्हणू शकतो? 'पत्रिकेत काहीच नाही हे सिद्ध झालं' असं नाही. 'ज्या खात्रीने लोकांना पत्रिका बघून मुलांची भवितव्यं सांगितली जातात, त्या खात्रीला या आकड्यांत आधार सापडत नाही' असं म्हणू शकतो. वाक्य लांब झालं, घोषणा देता येणार नाही. पण ते टिकतं.

आणि एक विसरू नका. ५१ जणांनी पत्रिका घेतल्या, २७ जणांनी उत्तरं दिली. उरलेले २४ कुठे गेले? त्यांना यायचं नव्हतं, की जमलं नाही, की वेळ नव्हता? ते आपल्याला या आकड्यांतून कळत नाही. तुमच्या प्रश्नावल्यांचंही असंच होतं. शंभर वाटता, साठ परत येतात आणि आपण साठांवरून शंभरांबद्दल बोलतो. न परतलेल्यांची संख्या नेहमी लिहा.

माझी स्वतःची चूक

आता कबुली. एम.ए.ला असताना मी परीक्षेच्या भीतीवर छोटा प्रकल्प केला होता. वर्गातल्या सगळ्यांना प्रश्नावली दिली, सर्वांत जास्त घाबरणारी मुलं निवडली, त्यांना दोन आठवडे श्वासाचे आणि शिथिलीकरणाचे व्यायाम शिकवले आणि पुन्हा मोजलं. गुण छान उतरले. टी टेस्ट केली, सार्थक आली. शाबासकी मिळाली. गणितात एकही चूक नव्हती आणि निष्कर्ष पोकळ होता. मला हे कळायला शिकवायला लागावं लागलं.

चूक कुठे होती? आपण इथे जेट्टीवर बोटीला उभे राहतो. एखाद्या दिवशी समोरून बोट सुटते, पुढची उशिरा येते, वैताग होतो. समजा, अशा सर्वांत वाईट दिवशी तुम्ही ठरवलंत की उद्या खाडीला नारळ वाहायचा. वाहिलात. दुसऱ्या दिवशी बोट लवकर मिळाली. नारळाने? अहो, सर्वांत वाईट दिवसानंतरचा दिवस बहुधा बराच असतो. कुठलंही मोजमाप म्हणजे खरी पातळी अधिक त्या दिवसाचा योगायोग. टोकाची माणसं निवडली की त्यांचा त्या दिवसाचा वाईट योगायोगही त्यांच्याबरोबर निवडला जातो. दुसऱ्यांदा मोजताना तो उरत नाही. याला मध्याकडे परतणं म्हणतात. माझी मुलं व्यायामाने सुधारली असतील किंवा नुसती परतली असतील. मला ते सांगता येत नाही, कारण व्यायाम न केलेला, तितकाच घाबरणारा दुसरा गट मी ठेवलाच नव्हता.

खिडकीतून पलीकडे पॅगोडा दिसतोय. फेब्रुवारी २००९ मध्ये तो खुला झाला, आत आठेक हजार माणसं एकत्र ध्यानाला बसू शकतात. तुमच्यापैकी काहींनी विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं केली असतील आणि "मॅडम, मला खरंच फरक पडला" असं सांगाल. मी त्यावर शंका घेणार नाही. तुमचा अनुभव तुमचा आहे. पण "चिंता असलेल्या माणसाला मी हे सुचवू का?" असं तुम्ही समुपदेशक म्हणून विचारलंत, तर प्रश्न बदलतो. माणूस शिबिराला कधी जातो? बहुतेकदा फार अस्वस्थ असतो तेव्हा. म्हणजे माझ्या प्रकल्पासारखंच. शिवाय दहा दिवस फोन नाही, नोकरी नाही, गर्दीची लोकल नाही. फरक ध्यानाचा की सुट्टीचा?

हे तपासता येतं. नाव नोंदवणाऱ्या इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना आत्ता पाठवायचं, निम्म्यांना तीन महिन्यांनी. दोन्ही गट एकाच वेळी मोजायचे. मोजणाऱ्याला कोण जाऊन आलंय ते सांगायचं नाही. जे अर्ध्यातच परत आले, त्यांनाही मोजायचं. मध्याकडे परतणं दोन्ही गटांत सारखंच होईल. त्यावर जो फरक उरेल, तो शिबिराचा. सुट्टीचा प्रश्न तरीही राहील, त्यासाठी तिसरा गट लागेल : दहा दिवस नुसता निवांत राहिलेला.

हे कुणासाठी?

शेवटी त्या आर्ट्सच्या मुलीकडे येते. तिला माणसं समजून घ्यायची होती. उद्या ती समुपदेशक होईल. तिच्यासमोर एक आई बसेल, मुलगा चार वर्षांचा, बोलत नाही. आईला कुणी सांगितलं असेल, "ग्रह पालटले की बोलेल." कुणी सांगितलं असेल, अमुक थेरपीने नव्वद टक्के मुलं बोलतात. आई विचारेल, "ताई, काय करू? पैसे मोजकेच आहेत आणि वेळ जातोय." त्या क्षणी नव्वद टक्के म्हणजे कितीपैकी, कुणी मोजलं, न केलेल्या मुलांचं काय झालं, अर्ध्यात सोडून गेलेले मोजले का, हे प्रश्न तिला सुचले पाहिजेत. त्या आईसाठी हे सगळं शिकायचं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : माझं गणित खूप कच्चं आहे. आता सगळं कॉम्प्युटर करतो. थेट एसपीएसएस शिकले तर चालेल का?

उत्तर : शीक ना. पण आधी महिनाभर हाताने कर. पाच-सहा आकड्यांचीच सरासरी आणि प्रमाण विचलन काढ. कॉम्प्युटर माझ्या त्या प्रकल्पालाही 'सार्थक' म्हणाला असता. तुलना कुणाशी करायची हे त्याला विचारता येत नाही, ते तुलाच ठरवावं लागतं. आणि त्याला बेरीज-वजाबाकी आणि वर्गमूळ यापलीकडचं गणित फारसं लागत नाही.

प्रश्न : आमच्या घरी पत्रिका बघतात. त्यांना हे कसं सांगू?

उत्तर : वाद घालू नकोस. मी घरच्या लोकांशी नाण्याचा खेळ खेळते. सत्तावीस ओळी आखायच्या, प्रत्येकीत चाळीस वेळा नाणं उडवून छापे मोजायचे. घरातल्या सगळ्यांनी मिळून केलं तर एका रविवारी होतं. बहुधा एखादी ओळ चोवीसच्या वर जातेच, आणि आजी लगेच विचारते, "हे कुणी उडवलं?" मग बोलणं सुरू होतं. हाच तुमचा घरचा अभ्यास. आकडे घेऊन या, पुढच्या वेळी सहसंबंधावर बोलायचंय, त्याची सुरुवात तुमच्याच तक्त्यांवरून करू.